विमान तुटते कोठे?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर अवघ्या अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरील १९ असे २६० जीव गेले. दोन-तीन दिवसांतच देशभरातील मध्यमवर्गीय घरांत एक शब्द कानोकानी फिरू लागला : ‘प्लास्टिकचे विमान’. कोसळलेले विमान बोईंग ७८७ जातीचे होते आणि त्याचे धड व पंख धातूचे नसून कार्बनचे आहेत, ही गोष्ट बहुसंख्य लोकांना त्या निमित्ताने प्रथमच कळली. ज्यांची मुले-मुली परदेशात शिकतात अथवा नोकरी करतात, अशा आई-वडिलांनी तिकिटावर विमानाची जात शोधण्यास प्रारंभ केला.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातही हे घडावे, यात काळाचा मोठा बदल दिसतो. एका पिढीपूर्वी तुमसर, साकोली, पवनी, लाखनी येथील कुटुंबांना विमान हे आकाशातून जाताना पाहण्याचे साधन होते. आज याच गावांतील अभियंते आणि परिचारिका हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे आणि त्याही पलीकडे आहेत; दिवाळीला घरी येताना नागपूरच्या विमानतळावर उतरून साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता धरणे हा नित्याचा क्रम झाला आहे. जुन्या भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि १९९९ च्या विभाजनानंतर गोंदियाकडे गेलेल्या बिरसीच्या धावपट्टीवरून २०२२ च्या मार्चात प्रवासी सेवाही सुरू झाली. तेव्हा विमानाचे शरीर कशाचे असते, ते किती बळकट असते आणि ते तुटते तर कोठे तुटते, हा प्रश्न आता घरचा झाला आहे. त्याचे उत्तर अफवेवर सोडून चालणार नाही.

अहमदाबादच्या अपघाताविषयी प्रथम जे प्रसिद्ध झाले आहे तेवढेच सांगावे. विमान अपघात अन्वेषण विभागाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या प्राथमिक अहवालानुसार विमान हवेत उठताच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारी बटणे एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेली आणि इंजिनांची शक्ती ओसरली. धड फाटल्याचे अथवा पंख निखळल्याचे त्या अहवालात कोठेही नाही. ७८७-८ विमाने चालविणाऱ्यांना तातडीची कोणतीही सूचना करण्याची आवश्यकता त्या टप्प्यावर विभागाला वाटली नाही. बटणे कशामुळे हलली, यावर मतमतांतरे झाली आणि दिवंगत वैमानिकांविषयी, विशेषतः परदेशी माध्यमांतून, उतावळेपणाने बरेच काही लिहिले गेले, ते खेदजनकच होते. परंतु ‘प्लास्टिक’ हे त्या अपघाताचे कारण असल्याचे त्या अहवालातून कोणालाही काढता येणार नाही.

मात्र भीती निराधार ठरली म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. धातूकडून कार्बनकडे झालेला हा प्रवास समजून घेणे भंडारेकरांना अन्य कोणापेक्षाही सोपे जावे. कारण या जिल्ह्याच्या हाताला धातू आणि धागा या दोहोंची ओळख आहे. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. ‘भाना’ म्हणजे पितळी थाळी, आणि त्यावरूनच गावाचे नाव आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते. वरठीला विशेष प्रतीच्या पोलादाचा कारखाना आहे. आणि मोहाडी, आंधळगाव, पवनीकडे कोष्टी समाजाच्या मागावर कोशाचे वस्त्र विणले जाते. विमानाच्या शंभर वर्षांच्या इतिहासातील दोन युगे, पत्र्याचे आणि विणकामाचे, या एका जिल्ह्याच्या उदाहरणाने समजावता येतात.

पत्र्याचे युग आधी आले. निव्वळ ॲल्युमिनियम हलके असते, पण मऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुतज्ज्ञाने त्यात थोडे तांबे, मॅग्नेशियम आणि मँगनीज मिसळले, तापवून पाण्यात विझवले आणि काही दिवस तसेच ठेवले, तेव्हा तो धातू आपोआप कठीण झाल्याचे त्याला आढळले. विमानाच्या धडाला पुढे दीर्घकाळ जो पत्रा वापरला गेला, तो याच कुळातला. त्यात चार-साडेचार टक्के तांबे आणि अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक मँगनीज असते. हा पत्रा किती जाड असावा? अनेक प्रवासी विमानांत तो एक मिलिमीटरच्या आसपास भरतो. घरातील परातीहून फार निराळा नव्हे. तेवढ्या पत्र्याच्या आत शे-दीडशे माणसे दहा किलोमीटर उंचीवर बसलेली असतात आणि आतील हवेचा दाब त्या पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण सहा टनांनी बाहेर ढकलत असतो. विमान खाली उतरले की दाब सुटतो, वर गेले की पुन्हा येतो. प्रत्येक उड्डाण म्हणजे त्या पत्र्याचा एक उच्छ्वास.

तार हातात घेऊन वारंवार वाकवली तर ती एका झटक्याच्या ओढीपेक्षा फार थोड्या जोराने तुटते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. धातू थकतो. हे ठाऊक असूनही जगाने त्याची फार मोठी किंमत मोजली आणि तिचा पहिला हप्ता भारताच्या भूमीवर मोजला गेला. ‘कॉमेट’ हे ब्रिटिश बनावटीचे जगातील पहिले जेट प्रवासी विमान २ मे १९५२ रोजी सेवेत आले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून आकाशात फुटले आणि बंगालमधील जगलगोरी परिसरात त्याचे तुकडे विखुरले. ४३ जण दगावले. चौकशी झाली, वादळी हवेचा अतिरेकी ताण हे कारण ठरले. ते त्या वेळी पटण्यासारखेही होते. जानेवारी १९५४ मध्ये भूमध्य समुद्रात एल्बा बेटाजवळ दुसरे कॉमेट पडले, तेव्हा मात्र वादळ नव्हते. एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी एक पडले.

त्यानंतर ब्रिटिशांनी जे केले, ते अभियांत्रिकीच्या इतिहासात आदराने सांगितले जाते. समुद्रतळातून तुकडे वेचून फार्नबरो येथे विमान पुन्हा जुळवले गेले. दुसरे एक अखंड कॉमेट पाण्याच्या प्रचंड हौदात बुडवून त्याच्या धडात पाणी भरायचे, दाब वाढवायचा, सोडायचा, असे अहोरात्र चालले. आधीची प्रत्यक्ष उड्डाणे आणि हौदातील कृत्रिम उड्डाणे मिळून ३,०५७ झाली, तेव्हा धड फाटले. तडा चौकोनी कापलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, रिव्हेटच्या भोकापाशी सुरू झाला होता. पत्रा सदोष नव्हता. जेथे तो कापला होता आणि जेथे तो जोडला होता तेथे ताण गणितापेक्षा कितीतरी अधिक साचत होता. आज कोणत्याही विमानाच्या खिडकीचे कोपरे गोल असतात. खिडकीपाशी बसणाऱ्या प्रवाशाने तो गोलावा एकदा बोट फिरवून पाहावा.

याच जातीचा एक धडा हिंदुस्थानच्या पावसाळ्याने त्याआधी शिकवला होता, पण तो फारसा कोणाला ठाऊक नाही. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे येथील छावण्यांत पावसाळ्यात ठेवली की त्यांना आपोआप तडे जात. कोणी ती वापरलेली नसत, आपटलेली नसत. पुढे उलगडा झाला : पितळ ठोकून-ओढून आकाराला आणताना त्याच्या पोटात ताण कोंडून राहतो, आणि घोड्यांच्या पागेजवळील दमट हवेतील अमोनिया त्या ताणलेल्या पितळेला आतून फोडतो. उपाय साधा होता. आकार दिल्यावर पितळ हलकेच तापवून ताण सोडवून घ्यायचा. ठोकून ताठ झालेले भांडे पुन्हा भट्टीत धरणारा भंडाऱ्याचा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. पदार्थ, त्यातील कोंडलेला ताण आणि भोवतालची हवा या तिघांचा एकत्र विचार करावा लागतो, ही आधुनिक विमानरचनेची पहिली पायरी त्याने पुस्तकाविना चढलेली होती.

यापुढे विमाने तुटली ती बहुधा सांध्यात तुटली. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे जंबो जेट डोंगरावर आदळून ५२० जण मृत्युमुखी पडले. एकाच विमानाच्या अपघातातील ही आजवरची सर्वाधिक प्राणहानी. त्या विमानाचे शेपूट सात वर्षांपूर्वी, १९७८ मध्ये, उतरताना धावपट्टीला घासले होते. मागच्या बाजूची घुमटाकार भिंत दुरुस्त करताना जोडपट्टी आराखड्याप्रमाणे अखंड बसवायची, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. रिव्हेटच्या दोन रांगांनी उचलायचा भार एका रांगेवर आला. ती रांग बारा हजारांहून अधिक उड्डाणे टिकली, आणि मग एका संध्याकाळी सुटली. बारा हजार वेळा प्रवासी सुखरूप उतरले म्हणून ती दुरुस्ती योग्य होती असे कोणी म्हणेल काय? तरीही आपल्याकडे पुलांपासून शाळांच्या छपरांपर्यंत ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य प्रमाणपत्राप्रमाणे वापरले जाते.

तीन वर्षांनी, २८ एप्रिल १९८८ रोजी, हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोईंग ७३७ विमानाचे छप्पर सुमारे साडेपाच मीटर लांबीपर्यंत उडून गेले. उघड्या आकाशाखाली वैमानिकांनी विमान उतरवले. एक हवाई सेविका तेवढी बाहेर फेकली गेली. ते विमान १९६९ चे होते. बेटांच्या दरम्यानच्या छोट्या फेऱ्या करीत त्याने जवळपास नव्वद हजार उड्डाणे केली होती आणि खाऱ्या हवेने पत्र्यांमधील चिकटवण सोडवली होती. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळ तडा दिसला होता. तिने कोणाला सांगितले नाही. या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कठोर झाले.

आता विणकामाचे युग. कार्बनचा तंतू केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक असतो, पण वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी बळकट. मात्र कोशाच्या धाग्याप्रमाणेच त्याचे बळ लांबीच्या दिशेने असते. आडवे बळ हवे तर आडवा धागा हवा. म्हणून या तंतूंचे थर कधी उभे, कधी आडवे, कधी तिरके रचतात, ते राळेत भिजवलेले असतात, आणि मग मोठ्या दाबभट्टीत सुमारे १८० अंशांवर ते एकजीव होतात. ज्याला लोक प्लास्टिक म्हणतात ती ही राळ. भार पेलतात ते तंतू. दाराला लावायच्या प्लास्टिकच्या बादलीशी तिचे नाते सांगणे म्हणजे चुन्याच्या डबीवरून किल्ल्याची तटबंदी जोखणे होय. बोईंग ७८७ च्या वजनाचा निम्मा आणि एअरबस ए३५० चा ५३ टक्के भाग अशा संमिश्र पदार्थांचा आहे. आणि हे एकाएकी घडलेले नाही. छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाच्या पंखांचा बाहेरचा भाग १९८९ पासून कार्बनचाच आहे. ‘प्लास्टिक’ला भिणारे कितीतरी प्रवासी त्या पंखांवर विसंबून वर्षानुवर्षे सुखरूप हिंडले आहेत.

या पदार्थाचे गुण मोठे आहेत. तो धातूसारखा थकत नाही, गंजत नाही. धडाचे मोठे नळकांडे एकसंध बनवता आल्याने हजारो रिव्हेट आणि त्यांची भोके टळतात, म्हणजेच कॉमेटचे दुखणे मुळातच कमी होते. म्हणून आतील दाब अधिक ठेवता येतो. जुन्या विमानांत प्रवाशाला आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर बसल्यासारखी विरळ हवा मिळे, ७८७ मध्ये ती सहा हजार फुटांची असते. ज्येष्ठांना हा फरक जाणवतो. नियमानुसार विमानाच्या रचनेने सेवेतील कल्पनीय कमाल भाराच्या दीडपट भार सोसला पाहिजे. मार्च २०१० मध्ये ७८७ चे पंख या कसोटीसाठी वर ओढले गेले, ते सुमारे पंचवीस फूट वाकले आणि मोडले नाहीत.

आगीचे काय? कार्बनचे विमान कापरासारखे पेटेल, ही दुसरी भीती. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे ए३५० धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळले आणि पेटले. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण मरण पावले. मोठ्या विमानातील ३७९ माणसे मात्र सगळी बाहेर पडली. विमान नंतर कित्येक तास जळत राहिले, पण आग धड भेदून आत येईपर्यंत पुरेसा वेळ मिळाला. श्रेय एकट्या कार्बनला देऊ नये. प्रवाशांनी डोक्यावरील सामान सोडून दिले आणि कर्मचाऱ्यांच्या आज्ञा पाळल्या, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्याकडे विमानाची चाके थांबण्यापूर्वीच बॅगा काढण्याची जी झुंबड उडते, ती पाहता हा धडा राळेच्या रसायनापेक्षा अधिक निकडीचा म्हणावा लागेल.

दोषही आहेत, आणि ते लपवण्याचे कारण नाही. ॲल्युमिनियमला मार बसला तर खळगा दिसतो. कार्बनला बसला तर पृष्ठभाग कधी कधी जसाच्या तसा राहतो आणि आतले थर सुटलेले असतात. सामानाची गाडी विमानाला घासली आणि चालकाने ती गोष्ट भीतीपोटी दडवली, तर जुन्या विमानाने चुगली केली असती, नवे गप्प राहू शकते. ते ओळखण्यासाठी ध्वनिलहरींची यंत्रे आहेत, पण पहिली कसोटी अजूनही कानाची आहे : नाण्याने वा लहान हातोडीने ठोकत जायचे आणि खणखणीत आवाज कोठे बद्द होतो ते ऐकायचे. उन्हाळ्यात बाजारात माठ विकत घेणारी गृहिणी नेमके हेच करते. विजेचाही प्रश्न असतो. धातूतून वीज सहज वाहून जाते, कार्बनमधून नाही, म्हणून वरच्या थराखाली तांब्याची बारीक जाळी घालावी लागते. कार्बनला ॲल्युमिनियम खेटून ठेवले तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते, म्हणून तेथे महाग टायटॅनियम येते. ७८७ च्या वजनात त्याचा वाटा १५ टक्के आहे.

आणि सांधा येथेही सुटलेला नाही. ७८७ च्या धडाचे भाग निरनिराळ्या देशांत बनतात आणि अमेरिकेत जोडले जातात. ते जुळताना राहिलेल्या फटी भरून काढायच्या असतात. मर्यादा इंचाच्या पाच सहस्रांशाची, म्हणजे जवळजवळ एका केसाची. काही विमानांत ती पाळली गेली नसल्याचे आढळले आणि २०२१ च्या मध्यापासून ऑगस्ट २०२२ पर्यंत या विमानांची सुपूर्ती जवळपास थांबली. एप्रिल २०२४ मध्ये बोईंगचेच अभियंते सॅम सालेहपूर यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, घाईसाठी भाग जोराने दाबून जुळवले जातात आणि तक्रार केल्यावर आपल्याला बाजूला सारले गेले. कंपनीने हे नाकारले. चाचणीत १ लाख ६५ हजार उड्डाणांएवढा दाब देऊनही धड थकले नाही, असे तिचे उत्तर होते. तांत्रिक वादात कंपनी कदाचित बरोबरही असेल. परंतु फट मोजणाऱ्या माणसाचे तोंड बंद करावेसे वाटणे, हे लक्षण चांगले नव्हे.

याचा पुरावा त्याच वर्षाच्या प्रारंभी मिळाला होता. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या अगदी नव्या ७३७ मॅक्स विमानाच्या धडातील, दाराच्या जागी बसवलेला एक भाग हवेत निखळून पडला. तो जखडणारे चार बोल्ट कारखान्यातच बसवले गेले नव्हते. जवळचे सदोष रिव्हेट बदलण्यासाठी तो भाग काढला होता आणि काढल्याची नोंदच केली नव्हती. नोंद नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून बोल्ट नाहीत. त्या ठिकाणी ना कार्बन अपुरा पडला होता ना ॲल्युमिनियम. एक कागद भरलेला नव्हता. जगातील सर्वांत नावाजलेल्या विमान कारखान्यात हे घडते, यावरून शिस्त ही एकदा मिळवून कायमची ठेव म्हणून ठेवता येत नाही, हे ध्यानात यावे.

विमान वाहतूक आज इतकी सुरक्षित झाली, त्यामागे नव्या पदार्थांपेक्षा एका जुन्या संकेताचा वाटा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघाताच्या अन्वेषणाचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असतो. दोष वा उत्तरदायित्व ठरवणे हा नव्हे. काय तुटले, का तुटले, आधी कोणाला कळायला हवे होते, हे शोधून ते छापून जगासमोर ठेवायचे. कॉमेटचा अहवाल उघड झाला म्हणून बोईंगच्या खिडक्या गोल झाल्या; जपानची चूक उघड झाली म्हणून जगातील दुरुस्तीशाळा सावध झाल्या.

भंडारा जिल्ह्याला हे सांगताना मन जड होते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. सात वाचवता आली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छप्पर कोसळले आणि किमान आठ कामगार प्राणाला मुकले. रुग्णालयाच्या आगीनंतर चौकशी समिती बसली, काही अधिकारी निलंबित झाले, राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. शिक्षेची मागणी स्वाभाविक होती. मातांचा आक्रोश पाहून ती न करणारा समाज निर्दय म्हणावा लागेल. पण निलंबनाच्या आदेशाने दुसऱ्या जिल्ह्यातील रुग्णालयाच्या अभियंत्याला काय शिकायला मिळते? विद्युतभार किती होता, तारा कोणत्या होत्या, धोक्याची घंटा का वाजली नाही, दार कोणत्या बाजूला उघडत होते, हे मराठीत छापून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या टेबलावर जायला हवे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पुन्हा पेटला आणि आणखी रुग्ण दगावले. हवेतील अपघातातून जग शिकते आणि जमिनीवरच्या अपघातातून आपण केवळ दोषी शोधतो, असे म्हणण्याची वेळ यावी, हे लाजिरवाणे आहे.

हा विषय विदर्भासाठी आणखी एका कारणाने दूरचा राहिलेला नाही. नागपूरच्या मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोईंग ७८७ च्या प्रवासी कक्षातील जमिनीखालच्या तुळया कार्बनपासून तयार करण्याचे काम गेल्या दशकात उभे राहिले. हजारो तुळया येथून गेल्या. म्हणजे जगभरात कितीतरी ७८७ विमानांत प्रवासी ज्या जमिनीवर पाय ठेवतो, ती वैदर्भीय हातांनी पेललेली आहे. त्याच परिसरात बोईंगने बांधून दिलेले आणि २०१५ मध्ये कार्यान्वित झालेले देखभाल केंद्र आहे. एअर इंडिया २०२२ मध्ये खासगी झाली तेव्हा ते चालवणारी कंपनी शासनाकडेच राहिली. फ्रान्सच्या दसॉल्टची फाल्कन जातीची छोटी विमानेही नागपुरात पूर्णपणे जुळवण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली. भंडारा, गोंदिया, वर्धा येथील तरुणांना या कामाची दारे उघडत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

तथापि दुसऱ्याच्या आराखड्याबरहुकूम तुळई बनवणे आणि ती तुळई किती जाड असावी हे स्वतः ठरवणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडणारी माणसे या मातीत झालेली आहेत. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गोटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल या जगन्मान्य शास्त्रज्ञाच्या हाताखाली विद्या संपादन केली, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली संपूर्ण भारतीय आराखड्याचे एचटी-२ हे धातूचे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये आकाशात गेले. कॉमेट सेवेत येण्याच्याही आधीची ही गोष्ट. पंचाहत्तर वर्षांनंतर या देशाने स्वतःच्या आराखड्याचे एखादे मोठे प्रवासी जेट विमान उडवलेले नाही. ‘तेजस’ लढाऊ विमानाच्या बाह्य पृष्ठभागाचा बहुतांश भाग कार्बनचा आहे आणि तो बनवण्याची विद्या बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत सिद्ध झाली. केरळात चवरा येथे २०११ पासून टायटॅनियमचा मूळ कच्चा धातू बनतो. पदार्थांचे ज्ञान आहे, पण ७८७ साठी कार्बन जपानच्या तोरे कंपनीचा आणि शिक्का अमेरिकेच्या नियामकाचा. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी तुळयांच्या निर्यातीवर समाधान मानू नये. तपासणारा आणि ‘हे उडणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार असलेला माणूसही स्वदेशी हवा.

तो माणूस आज पुरेसा आहे काय? संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील जवळजवळ निम्मी तांत्रिक व अन्य पदे रिक्त असल्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली. भारतीय कंपन्यांनी शेकडो विमाने मागवून ठेवली आहेत. ती विमाने तपासण्याचे टेबल अर्धे रिकामे असेल, तर विमान कार्बनचे आहे की पत्र्याचे, हा वाद निरर्थक होय. विमानतळांच्या उद्घाटनाला जेवढे मंत्री उपस्थित असतात, त्यांपैकी एकाने तरी या रिक्त पदांचा पाठपुरावा करावा.

जिल्ह्याच्या पातळीवरही करण्यासारखे आहे आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागत नाही. वस्तू न फोडता तिच्यातील तडा शोधण्याची एक स्वतंत्र विद्या आहे. ध्वनिलहरी, क्ष-किरण, रंगद्रव्य आणि चुंबक यांचा उपयोग करून ती चालते. तिची प्रमाणपत्रे असलेल्या तंत्रज्ञांची गरज विमानालाच असते असे नाही. वरठीच्या पोलादाला ती आहे, जवाहरनगरच्या निर्माणीला आहे, मुंबई-हावडा लोहमार्गाच्या रुळांना आहे, वैनगंगेवरील पुलांना आणि गोसीखुर्दच्या दरवाजांना आहे. भंडारा, तुमसर, साकोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हा अभ्यासक्रम सुरू करावा, त्यात नोंदवही लिहिणे हा वेगळ्या गुणांचा विषय ठेवावा, आणि परीक्षेत एकदा तरी विद्यार्थ्यासमोर वरून निर्दोष दिसणारा, आतून थर सुटलेला कार्बनचा तुकडा ठेवून त्याच्या हाती फक्त एक नाणे द्यावे.